साक्षीदार: गुलाम हुसेन

१

खोकं जागेवर होतं, वजनही तेवढंच होतं. फक्त आतला करार नव्हता.

कशेळीला खाडीजवळच्या गोदामांच्या रांगेत एका जुन्या गोदामाचा स्टुडिओ केलेला आहे. बुधवारी सकाळी तिथलं ऑफिस सांभाळणाऱ्या ऋतिकाने साहेबांच्या केबिनमधलं कपाट उघडलं, निळं खोकं खाली काढलं आणि झाकण उचललं, तर आत पटकथेची चाळीसेक पानं कोंबलेली. शुक्रवारी मुंबईहून वकीलबाई येणार होत्या. ज्या कंपनीला स्टुडिओचा नवा सिनेमा विकायचा होता, तिच्या त्या वकील. गोष्टीचे हक्क स्टुडिओकडे आहेत हे सांगणारा मूळ करार त्यांना स्वतः बघायचा होता. त्याची नक्कल कुठेच नव्हती. साहेबांनी कधी काढूच दिली नव्हती.

स्टुडिओचे प्रमुख एजाज यांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी आपल्या मामूंना केला.

मामू म्हणजे गुलाम हुसेन. वय एकाहत्तर, घर भिवंडीत निजामपुऱ्यात. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यांत कापड तपासलं. लूमवरून उतरलेला ताका टेबलावर पसरायचा, बोटांनी चाचपायचा आणि कुठे धागा तुटलाय, कुठे डाग पडलाय ते दाखवायचं, हे त्यांचं काम. पण नुसता दोष दाखवून ते थांबत नसत. तो कोणत्या लूमवर पडला, कोणत्या शिफ्टला पडला, कारागिराला डुलकी लागली होती की मशीनच बिघडलं होतं, हेही सांगत. मालक-कारागिरांची भांडणं त्यांच्या टेबलावर येऊन मिटत. पुढे पुढे कापडाशी काही संबंध नसलेल्या गोष्टीही येऊ लागल्या. कोणाचा दागिन्यांचा डबा नाहीसा झालेला, कोणी कोणाला निनावी चिठ्ठी लिहिलेली. गुलाम हुसेन चेकर चार प्रश्न विचारत, चहा संपवत आणि नाव सांगत.

"मामू, आत्ताच्या आत्ता या. गाडी पाठवतो," एजाज फोनवर म्हणाला.

"पोलिसांत का नाही जात?"

"घरातली गोष्ट आहे." एजाजने आवाज खाली आणला. "त्या करारावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, मामू. विसरलात?"

गुलाम हुसेन खरंच विसरले होते.

२

गाडीत बसल्यावर त्यांनी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. सही केल्याचं अंधुक आठवत होतं. कशावर, ते आठवत नव्हतं. शेवटी त्यांनी ते सोडून दिलं. भाच्यावर त्यांचा जीव होता, आणि अभिमान तर त्याहून जास्त.

एजाजच्या वडिलांचे आठ लूम भंगारात गेले तेव्हा पोरगा वीस वर्षांचा होता. शूटिंगला गर्दी लागते म्हणून लूमवरची माणसं टेम्पोत भरून न्यायला त्याने सुरुवात केली. हळूहळू त्याला चेहरे कळू लागले. कोण नुसतं उभं राहील, कोण दोन वाक्यं बोलेल, कोणाकडे कॅमेरा आपसूक वळेल. मग ठाण्यात एक टेबल घेऊन तो कलाकारांचा एजंट झाला. त्यांच्यासाठी कामं शोधायची आणि त्यांच्या वतीने निर्मात्यांशी भांडायचं. आणि भांडायचाही तो! एकदा वज्रेश्वरीजवळ शूटिंगला आलेल्या बायांना तीन वाजले तरी जेवण दिलं नव्हतं. एजाजने चाळीसच्या चाळीस माणसं उठवून बसमध्ये बसवली. निर्माता हात जोडत बसच्या दारापर्यंत आला. हा किस्सा मामूंनी मोहल्ल्यात सगळ्यांना ऐकवला होता, काहींना दोन-दोनदा. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये त्याच एजाजला या स्टुडिओने प्रमुख म्हणून बोलावलं, तेव्हा मामूंची छाती फुगली होती.

केबिनमध्ये एजाज उभाच होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"सखीने नेला करार," त्याने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

सखी दिघाशीची. आदिवासी कुटुंबातली मुलगी, दहावी शिकलेली. दहा वर्षांपूर्वी गणेशपुरीकडच्या एका शूटिंगच्या गर्दीत ती एजाजला सापडली होती. कोणाचीही हुबेहूब नक्कल करायची. तो तिचा एजंट झाला, छोटी-मोठी कामं मिळवून दिली. दोनदा ती ईदला मामूंच्या घरी जेवून गेली होती. नव्या सिनेमाची गोष्ट तिचीच होती: तिची आत्या राहीबाई एका भरदुपारी अकरा कुटुंबांना घेऊन वीटभट्टीवरून चालत निघाली, त्याची.

"तिने सही करून हक्क दिले," एजाज सांगत होता. "तुम्ही साक्षीदार. आता राहीबाईचं काम पूर्वासारख्या नावाजलेल्या नटीला दिलं म्हणून तिच्या मनात राग आहे. मंगळवारी न बोलावता इथे येऊन बसली. पाऊण तास या केबिनमध्ये एकटी होती. कपाटाची किल्ली इथेच ड्रॉवरमध्ये असते."

"मग माझं काय काम?"

"दिघाशीला जा. तुमचा शब्द ती मोडणार नाही. दिला करार तर ठीक. नाही दिला तर..." एजाजने ड्रॉवरमधून लांब पाकीट काढलं. "हे प्रतिज्ञापत्र. तिने तुमच्यासमोर सही केली होती एवढंच लिहिलंय. सही केलीत की मी नवीन प्रत वकिलांना दाखवू शकतो."

त्याने पेन पुढे केलं. गुलाम हुसेननी चष्मा लावला, पाकीट घेतलं आणि तसंच खिशात ठेवलं.

"आधी चोर बघू," ते म्हणाले. "ती खोक्यातली पानं कुठायत?"

एजाजचा चेहरा क्षणभर कोरा झाला. "रद्दी आहे ती, मामू. तिचं काय करायचंय?"

३

पानं ऋतिकाच्या टेबलावर होती. पटकथा हिंदी, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. गुलाम हुसेनना ती वाचता येत नव्हती. म्हणून त्यांनी तिच्याकडे कापडासारखं बघितलं. एकेक पान खिडकीच्या उजेडात धरलं, बोट फिरवलं. पानाच्या उजव्या कडेला राखाडी ठिपका होता. त्याच्याखाली चार बोटांवर दुसरा. पुन्हा चार बोटांवर तिसरा. प्रत्येक पानावर तसंच.

"पोरी, हे ठिपके कसले?"

"प्रिंटर खराब असेल, काका. आतला रोल खरचटला की प्रत्येक फेऱ्याला डाग पडतो."

"लूमचंही तसंच असतं," ते खूश होऊन म्हणाले. "आणि इथे खाली काय लिहिलंय?"

"मसुदा नऊ." ऋतिका वाकून बघायला लागली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हा मसुदा तर ओसामासरांनी मंगळवारी चार वाजता पाठवला. त्याआधी तो कोणाकडेच नव्हता."

"सखी किती वाजता गेली?"

तिने गेटवरचं रजिस्टर मागवलं. आत अकरा पाच. बाहेर अकरा पंचावन्न.

दोघंही रजिस्टरकडे बघत राहिले. चार वाजता जन्मलेली पानं बाराला निघून गेलेल्या बाईने खोक्यात कशी भरावीत?

"हे मी साहेबांना सांगू?" ऋतिकाने विचारलं.

"अजून नको. संध्याकाळी कपाट कोण बघतं?"

"मीच. साडेसहाला सगळी खोकी आहेत का बघते, कुलूप लावते. निळं खोकं जागेवर होतं. उघडून बघायची परवानगी मला नव्हती. आज सकाळी साहेबच म्हणाले, काढून ठेव, म्हणून उघडलं." ती जरा घुटमळली. "काका, किल्ली कुठे असते ते मलाही माहीत होतं. मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडतेय. संशय माझ्यावर येणार, हे मला कळतंय."

"तुझी नऊ नंबरची प्रत दाखव."

तिची प्रत पूर्ण होती. एकाही पानावर ठिपका नव्हता.

दिग्दर्शक ओसामा खाली सेटवर होता. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून लूमवर आले होते. पोरगा भिवंडीतच वाढलेला, बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"चाचा, सच बोलू का? करार गेला तर मला वाईट नाही वाटलं," तो म्हणाला. "राहीबाई सखीनेच करायला पाहिजे होती. मी तिची टेस्ट घेतली होती. ती भट्टीवरून उठून उभी राहते ना, बस, रोंगटे खडे हो गये. साहेब बोलले, पूर्वाचं नाव आहे, पूर्वाला घे. मी घेतलं. मेरी भी गलती है."

"तुझ्याकडची प्रत?"

त्याने दिली. पानं चुरगळलेली, चहाचे डाग, लाल पेनाने गिरवलेली. पण सगळी होती, आणि ठिपका एकाही पानावर नव्हता.

"अशा किती प्रती निघाल्या?"

"तीनच. ऋतिकाने दोन बाहेरच्या मोठ्या प्रिंटरवर काढल्या. तिसरी साहेबांनी स्वतः केबिनमध्ये काढली. वहाँ छोटा प्रिंटर है ना."

सेटवर विटांचा खोटा ढीग रचलेला होता, त्याच्या कडेला गुलाम हुसेन बसून राहिले. चाळीस वर्षांत कितीदा तरी दोष कोणाच्या लूमवर पडला हे त्यांना बघताक्षणी कळलं होतं. आज कळून घ्यावंसं वाटत नव्हतं.

४

गुरुवारी सकाळी ते एसटीने दिघाशीला गेले. अजून दुसरं काहीतरी निघेल, अशी वेडी आशा होती.

हळवं भात कापणीला आलेलं. सखी खळ्यात पेंढ्या रचत होती. चाचांना बघून तिने हात पुसले, खाट टाकली, आत जाऊन चहा ठेवून आली.

"चाचा, एवढ्या लांब? एजाजभाय बरं हायत ना?"

"बरा आहे." ते खाटेवर बसले. "मंगळवारी तू स्टुडिओत गेली होतीस?"

"हो. त्यांनीच बोलावलं."

"एजाजने?"

"मंग! सोमवारी फोन आला. बोलले, राहीबाईच्या कामाचं पुन्हा बघतोय, ये उद्या अकराला. मी लग्नातली साडी नेसून गेले." ती हसली, पण हसू लगेच विरलं. "पाऊन तास केबिनीत बसवलं. मंग आले आणि बोलले, आज जमत न्हाय, नंतर कळवतो. का वो? काय झालं?"

गुलाम हुसेननी चहाची बशी खाली ठेवली. न बोलावता आली, असं एजाज म्हणाला होता.

"सखी, गोष्टीचे हक्क तू स्टुडिओला दिलेस त्या कागदावर सही कुठे केली होतीस?"

"कंच्या कागदावर?"

"करारावर. तीन वर्षांपूर्वीच्या."

"मी न्हाय केली कंची सही." ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. "एजंट होते तवा एक कागद दिलेला त्यांना, का माज्या वतीने तुमी सही करा. दरवेळी ठाण्याला जायला नको म्हनून. ते निराळं. आत्याची गोष्ट मी दोन वह्यांत लिहून दिली, ती वाचायला. बोलले, सिनेमा झाला त आधी तुला इचारीन, काम तूच करशील. मी वाट बघत व्हते." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "चाचा, तुमाला कुनी सांगलं मी सही केली?"

त्यांना 'एजाजने' असं म्हणता आलं असतं. ते खोटं नव्हतं. पण साक्षीदार म्हणून नाव कोणाचं होतं?

चहा न संपवता ते उठले.

५

घरी आल्यावर त्यांनी खदीजाला हाक मारली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. जे त्यांना आठवत नसे ते खदीजाला आठवत असे.

"तीन वर्षांमागे एजाजने माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. तुला काही आठवतं?"

"आठवतं ना. बकरी ईदचा दुसरा दिवस. नव्या नोकरीची मिठाई घेऊन आला होता."

"नव्या नोकरीची? म्हणजे स्टुडिओत लागल्यावर?"

"लागून महिना झाला असेल. तुम्ही जेवायला बसला होता. तो म्हणाला, मामू, इथे एक सही, ऑफिसचं काम आहे. तुम्ही म्हणालात, चष्मा दे. मी शोधायला आत गेले. बाहेर आले तर सही होऊनसुद्धा गेली होती." ती त्यांच्याकडे बघत थांबली. "तेव्हा मी बोललेही, ताक्याची दोन्ही टोकं उलगडल्याशिवाय तुम्ही कधी कोणाला पास केलं नाही, आणि आज न वाचता? तुम्ही म्हणालात, आपल्याच पोराचं काय वाचायचं."

"आणि ती मुलगी? सखी?"

"ती कुठे होती? एजाज एकटाच आला होता."

गुलाम हुसेन मान खाली घालून बसले. आपण काहीच वावगं केलं नाही असं ज्याला सत्तर वर्षं वाटलं, त्याला एकाएकी स्वतःच्या बायकोकडे बघवेना. ती उठून आत गेली, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

खिशातलं पाकीट त्यांनी मग उघडलं. चष्मा नीट पुसून लावला. स्टॅम्प पेपरवर मराठीत लिहिलं होतं: 'मी, गुलाम हुसेन, शपथेवर सांगतो की सखी हिने तीन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात माझ्या समक्ष करारावर सही केली. सदर मूळ करार मंगळवार दिनांक ७ ऑक्टोबर रोजी चोरीस गेला.' मार्च, म्हणजे एजाज स्टुडिओत लागायच्या तीन महिने आधी.

कागदाच्या उजव्या कडेला राखाडी ठिपका होता. चार बोटांवर दुसरा.

त्यांनी कागद उलटा केला. मागे स्टॅम्प विकणाऱ्याचा शिक्का आणि त्याच्या अक्षरात चार ओळी. घेणाऱ्याचं नाव, गुलाम हुसेन. कारण, प्रतिज्ञापत्र. हस्ते, राघो. राघो म्हणजे एजाजच्या ऑफिसातला शिपाई.

आणि तारीख होती ६ ऑक्टोबर. सोमवार.

६

सूर्य खाडीवर कलला होता तेव्हा ते पुन्हा केबिनमध्ये शिरले. दार लावून घेतलं.

"सही केलीत?" एजाजने हात पुढे केला.

"चोरी कधी झाली, एजाज?"

"मंगळवारी. सांगितलं ना."

"मग तिच्याबद्दल मी शपथ घ्यायची म्हणून माझ्या नावाचा स्टॅम्प पेपर सोमवारी कसा आणला? राघोला विचारलं मी. तो म्हणाला, साहेबांनीच पाठवलं."

एजाजने हात मागे घेतला.

"बस," मामू म्हणाले. "मी सांगतो, चुकलं तर टोक. खोक्यातली पानं मंगळवारी चारनंतरची. सखी त्याआधीच गेली होती. ठिपके तुझ्या या प्रिंटरचे. ऋतिकाच्या प्रतीवर नाहीत, ओसामाच्या नाहीत. या प्रतिज्ञापत्रावर आहेत. संध्याकाळी ऋतिका खोकी बघते, म्हणून खोकं जागेवर दिसायला पाहिजे होतं. करार काढून घेतलास आणि हाताला लागलं ते भरलंस. तुझी नऊ नंबरची प्रत काढ बरं. पूर्ण आहे?"

एजाजने ड्रॉवरवर हात ठेवला.

"सखीला तूच बोलावलंस. का, ते मला उशिरा कळलं. उद्या ती म्हणणार, मी सही केली नाही. ती आधीच चोर ठरली असली की तिचं कोण ऐकणार? आणि मला बोलावलंस ते शोधायला नाही. पांढऱ्या दाढीचा साक्षीदार पाहिजे होता."



"मूळ करारावर तिची सही नाही," एजाज शेवटी म्हणाला. "दोन्हीकडे माझीच आहे. स्टुडिओच्या बाजूने प्रमुख म्हणून, तिच्या बाजूने एजंट म्हणून. वकीलबाईंनी बघितलं असतं तर पाच मिनिटांत विचारलं असतं, हा माणूस एकाच दिवशी दोन्ही खुर्च्यांत कसा?"

"एजंटचं काम तू जूनमध्ये सोडलंस. सही जुलैतली."

"हो."

"म्हणजे तो अधिकारही तुझ्याकडे नव्हता."

"नव्हता." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "नवीन खुर्ची होती, मामू. पहिल्या महिन्यात काहीतरी मोठं आणून दाखवायचं होतं. माझ्याकडे सगळ्यांत चांगली गोष्ट हीच होती. म्हटलं, आत्ता सही करतो, नंतर तिला समजावतो. तिला कामही देईन. मग पूर्वाचं नाव आलं. मग तोंड दाखवायला जागाच राहिली नाही. दरवेळी तिचा फोन आला की मी गाडी चालवतोय असं सांगायचो."

गुलाम हुसेनना वाटलं होतं की राग येईल. राग आलाच नाही. हा पोरगा बायांच्या जेवणासाठी भांडला होता, तेही खरंच होतं. आणि त्याने सखीला लग्नातली साडी नेसून पाऊण तास इथे बसवलं होतं, चोर ठरवायला.

"करार जाळलास?"

"नाही. हात धजला नाही. गाडीत आहे."

"आण."

एजाज खाली गेला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली फाइल घेऊन आला. शेवटच्या पानावर एकाखाली एक, एकाच वळणाच्या दोन सह्या होत्या. त्यांच्याखाली, 'माझ्या समक्ष' या शब्दांपुढे, तिसरी. मराठी शाळेत गिरवलेलं, सरळ, ठळक अक्षर. त्यात कुठेही कंप नव्हता.

"मामू," एजाज कसाबसा बोलला, "उद्या तुम्ही काही बोलला नाहीत तर तुमचं नाव कुठेच येणार नाही. मी सांगेन हरवला. सिनेमा बुडेल, माझी नोकरी जाईल, पण तुमची इज्जत राहील. हे घेऊन जा. प्लीज."

तो हे मनापासून म्हणत होता. गुलाम हुसेन फाइल हातात घेऊन दारापर्यंत गेले. तिथे थांबले, आणि खरं सांगायचं तर दोन-चार क्षण त्यांना मोह झाला.

७

शुक्रवारी नमाजनंतर वकीलबाई आल्या. तरुण होत्या, सौम्य बोलणाऱ्या. टेबलाभोवती एजाज, ओसामा आणि ऋतिका. गुलाम हुसेननी फाइल त्यांच्यासमोर ठेवली.

"करार हरवलेला नव्हता," ते म्हणाले. "आणि खाली साक्षीदार लिहिलंय तो मी. मी काही बघितलं नाही. जिची गोष्ट आहे ती तिथे नव्हती. मी जेवत होतो. चष्मा नव्हता. भाच्याने कागद पुढे केला आणि मी सही केली."

बाईंनी पानं उलटली, शेवटच्या पानावर थांबल्या, दोन्ही सह्यांवर पेनाचं टोक टेकवलं. "हे तुम्ही लिहून द्याल?"

"देईन."

"याचे परिणाम तुमच्यावरही होऊ शकतात, काका."

"व्हावेत," गुलाम हुसेन म्हणाले. मग त्यांनी ते लिहून दिलं. लिहिताना कपाळावर घाम आला. चाळीस वर्षं ज्यांचे दोष त्यांनी भर कारखान्यात नावानिशी सांगितले होते, ते कारागीर एकेक करून डोळ्यांपुढे येत होते. असा उभा राहत असेल माणूस, असं तेव्हा कधी मनात आलं नव्हतं.

सगळे उठल्यावर एजाजने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि ऋतिकाला दिली. सिनेमाचा व्यवहार थांबला. ओसामा कोणाकडे न बघता खाली निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एजाजचा राजीनामा मालकांकडे गेला.

त्याच सकाळी गुलाम हुसेन पुन्हा दिघाशीच्या एसटीत बसले. खदीजा म्हणाली होती, फोन करा. ते म्हणाले, "फोनवर नाही."

सखी शेतात होती. ते बांधावर उभे राहिले आणि सगळं सांगितलं, एजाजचं सांगितलं आणि स्वतःचंही. बुधवारी एजाजने तिला चोर ठरवलं तेव्हा मी एका शब्दानेही त्याला अडवलं नाही, हेसुद्धा. ती ऐकत होती आणि विळा चालवत होती. सांगून संपलं तेव्हा पुढच्या ओळीपर्यंत गेलेली होती.

"तुमी सही केली तवा," तिने पाठमोरीच विचारलं, "माजं नाव तरी वाचलंत?"

"नाही."

"इचारलंत, कोनाचा कागद हाय?"

"नाही, पोरी."

ती सरळ झाली. पदराने तोंड पुसलं. "एजाजभायने फसवलं ते मला समजतं. त्याला खुर्ची पायजे व्हती. तुमाला काय पायजे व्हतं, चाचा?"

काहीच नको होतं. जेवण थंड होत होतं, इतकंच.

"वकीलबाईंचा फोन आला सकाळी," ती म्हणाली. "सोमवारी बोलावलंय मला. आत्याची गोष्ट कोनाला द्यायची, द्यायची का न्हाय, ते माज्याशी बोलनार हायत."

"मी येतो तुझ्याबरोबर. साक्ष द्यायला."

"नको." आवाजात राग नव्हता. "तुमी येऊ नका. माजं मी बोलेन."

ती पुन्हा वाकली. आणखी थोडा वेळ ते बांधावर उभे राहिले. मग आपण इथे उभे आहोत त्याचंही तिला ओझं होतंय हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते वळले.

एसटीच्या थांब्यावर एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिने सरकून त्यांना जागा दिली.

"कुनाकडं आलता?"

पाहुणा म्हणून आलो होतो, असं म्हणता आलं असतं. कामासाठी, असंही.

"सखीकडे," गुलाम हुसेन म्हणाले. "माफी मागायला."

म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघितलं. दाढी, टोपी, इस्त्रीचा कुर्ता. "मंग? केली माफ?"

"नाही."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि दोघं रस्त्याकडे बघत गाडीची वाट पाहू लागले.